राउटरवर तारीख का नसते?

दुधाच्या पिशवीवर तारीख असते. गोळ्यांच्या पट्टीवर असते. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवरही 'सी-२७' असे काहीतरी रंगवलेले असते. म्हणजे २०२७ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीपर्यंत त्या सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायला हवी. आपल्या घरच्या बायकांनी हे सगळे वाचायला केव्हाच शिकून घेतले आहे. पण दिवाणखान्यात, टीव्हीच्या मागे दिवे लुकलुकवत बसलेल्या वायफायच्या डब्यावर अशी एकही तारीख नसते. तो कोणत्या महिन्यात तयार झाला हे खोक्यावर छापलेले असते, कमाल किंमत असते, ग्राहक सेवेचा नंबर असतो. तो कुठवर सुरक्षित राहील, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते.

हा लेख मी थोडा वैतागूनच लिहितो आहे. आमच्या राउटरच्या प्रणालीत एक दोष सापडल्याचे त्याच्या कंपनीने स्वतःच जाहीर केले, त्याला आता दीड वर्ष होऊन गेले. डब्याच्या पोटावरचे लेबल चष्मा लावून वाचले, तेव्हा कळले की एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्या आहेत. 'व्ही-३' या आवृत्तीला दुरुस्ती मिळाली. आमची 'व्ही-२'. तिच्यापुढे 'लवकरच' एवढा एकच शब्द आहे. दुकानदार म्हणतो, कंपनीला विचारा. कंपनीचा माणूस म्हणतो, कनेक्शन देणाऱ्याला विचारा. कनेक्शन देणाऱ्याकडचा पोरगा म्हणतो, "सर, नेट येतंय न्हवं? मग अपडेट कशाला पायजे?" आणि फारच पिच्छा पुरवला, तर आपल्या भागातले ते ठेवणीतले उत्तर मिळते : "बर्तैति बिडरी, सर!" येईल हो, सोडा. कधी येईल, ते विचारायचे नाही.

मी संगणकशास्त्राचा माणूस नाही, साहित्य शिकवणारा आहे. पण २०२० च्या टाळेबंदीत मुलांची शाळा, आमचे वर्ग, बँकेचे व्यवहार सगळे या एका डब्यातून घरात येऊ लागले आणि त्यातले बरेचसे तिथेच राहिले. ज्या वस्तूवर घर एवढे विसंबून आहे, तिच्याविषयी 'सोडा हो' म्हणणे मला पटत नाही.

डब्याच्या आत काय असते

राउटर हा खरे तर एक छोटा संगणक आहे. त्यात प्रोसेसर असतो, स्मृती असते, आणि त्याला चालवणारी आज्ञावली असते. चिपमध्ये भरून ठेवलेल्या या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. बहुतेक घरगुती राउटरांचे फर्मवेअर लिनक्स या मुक्त प्रणालीवर बेतलेले असते. घराबाहेरचे जग आणि घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप यांच्या मधला हा दरवान. कोणाचा निरोप कोणाकडे जायचा, कोणाला आत घ्यायचे नाही, हे तो ठरवतो.

या दरवानाच्या शिकवणीत चुका राहतात आणि त्या काही वर्षांनी कोणाला तरी सापडतात. सज्जनाला सापडल्या तर तो आधी कंपनीला कळवतो. कंपनी दुरुस्त फर्मवेअर तयार करते. यालाच आपण अपडेट म्हणतो. त्याने वेग वाढेल किंवा शेजारच्या खोलीत रेंज येईल असे नाही. त्याने बहुधा भिंतीतले एक भोक बुजते. भोक बुजल्याचे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची मागणीही कोणी करीत नाही.

याचे ठळक उदाहरण २०१७ चे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातील माथी व्हानहूफ या संशोधकाला वायफायच्या डब्ल्यूपीए-२ या संरक्षण पद्धतीतच दोष सापडला. जगभरची बहुतेक घरे तेव्हा याच पद्धतीवर अवलंबून होती. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने जुलैपासून कंपन्यांना कळवायला सुरुवात केली आणि १६ ऑक्टोबरला तो दोष जगजाहीर झाला. मोठ्या संगणक व फोन कंपन्यांनी काही आठवड्यांत दुरुस्त्या दिल्या. राउटरांच्या बाबतीत मात्र काही मॉडेलांना लगेच, काहींना महिन्यांनी आणि जुन्यांपैकी अनेकांना कधीच नाही, असा प्रकार झाला.

वाट कुठे अडते?

एवढा उशीर का होतो? आपण समजतो की ज्याचे नाव खोक्यावर तोच राउटर बनवतो. तसे क्वचितच असते. आतली मुख्य चिप ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक, रिअलटेक अशा मोजक्या कंपन्यांची असते. चिपसोबत या कंपन्या मूळ आज्ञावलीचा एक गठ्ठा देतात, आणि तो बहुधा तेव्हाच काही वर्षे जुना असतो. तैवान किंवा चीनमधला कारखाना त्यावरून डबा तयार करतो. त्यावर ब्रँडवाली कंपनी आपले नाव आणि आपली पाने चढवते. त्यानंतर, डबा जर कनेक्शनसोबत मिळालेला असेल, तर सेवा देणारी कंपनी त्यात आपले बदल करते. आजकाल फायबरच्या कनेक्शनसोबत येणारा, वायफाय आतच असलेला डबा बहुतेक याच जातीचा असतो. त्याचे फर्मवेअर सेवा देणाऱ्याकडूनच यावे लागते, आपल्या हातात काही नसते.

म्हणजे दुरुस्तीला चार दारांतून यायचे असते. पहिल्या दारात चिपवाल्याने हात वर केले, तर पुढचे तिघे फारसे काही करू शकत नाहीत. आणि हात वर करायला कारणही असते. राउटर एकदाच विकला जातो. दोन हजार रुपयांच्या डब्यावर मिळालेला नफा पहिल्याच दिवशी हिशेबात जमा झालेला असतो. पाचव्या वर्षी त्या डब्यासाठी इंजिनिअर बसवायचा तो कोणाच्या पैशाने? त्यापेक्षा नवे मॉडेल बाजारात आणणे सोपे. शिवाय स्वस्त डब्यांत साठवणीची जागा इतकी थोडी ठेवलेली असते की नवी प्रणाली त्यात मावतच नाही.

याची मोजदाद जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२० साली केली. सात ब्रँडांचे १२७ घरगुती राउटर त्यांनी तपासले. त्यांपैकी ४६ राउटरांना मागच्या वर्षभरात सुरक्षेचे एकही अपडेट मिळालेले नव्हते. एक तृतीयांशाहून अधिक राउटर लिनक्सच्या अशा जुन्या आवृत्तीवर चालत होते, जिची शेवटची सुरक्षा दुरुस्ती २०११ साली निघाली होती. नव्या खोक्यात नऊ वर्षांपूर्वीचे शिळे अन्न, असाच हा प्रकार.

उशिराची किंमत कोण मोजते

'माझ्या घरात चोरण्यासारखे आहे काय?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चोराला तुमच्या घरातले काही नकोही असेल. त्याला तुमचे घर हवे असते, उभे राहायला.

२०१६ साली 'मिराई' नावाच्या आज्ञावलीने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. ज्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते, अशा यंत्रांची ती फौज होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर एकाच वेळी हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. ज्यांच्या घरातून हा मारा झाला त्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

आपल्या राज्यातही याची झळ पोहोचली आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच एका आज्ञावलीने बंद पाडले. कर्नाटकातल्या ग्राहकांना त्याचा मोठा त्रास झाला. ज्यांनी 'अ‍ॅडमिन' हा मूळ पासवर्ड बदलला नव्हता, त्यांचेच मोडेम सापडले होते. पासवर्ड बदला, अशी सूचना कंपनीला तेव्हा ग्राहकांना द्यावी लागली.

आणखी अलीकडचे सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने जाहीर केले की परक्या देशाच्या हस्तकांनी तिथल्या घरांतले आणि छोट्या कचेऱ्यांतले शेकडो राउटर आडोसा म्हणून वापरले. त्यातले बहुतेक सिस्को आणि नेटगिअरचे जुने राउटर होते, ज्यांना कंपनीकडून दुरुस्त्या मिळणे केव्हाच बंद झाले होते. मे २०२५ मध्ये अमेरिकी तपास संस्थेने, एफबीआयने, पुन्हा इशारा दिला. मुदत संपलेले राउटर पळवून त्यांतून वाट काढून देण्याचा धंदाच उभा राहिला आहे. गुन्हा कोणी तरी दूरदेशी बसून करतो आणि इंटरनेटवर पत्ता दिसतो तो तुमच्या घरचा. समजा, उद्या पोलीस चौकशीला दारात आले, तर 'तो मी नव्हेच' हे टिळकवाडीतल्या किंवा निपाणीतल्या एखाद्या निवृत्त गुरुजींनी कसे सिद्ध करायचे?

वाचकांना घाबरवण्याचा माझा हेतू नाही. बँकेचे किंवा यूपीआयचे व्यवहार स्वतंत्रपणे सांकेतिक करून पाठवले जातात, त्यामुळे राउटर बिघडला म्हणून पैसे लगेच जात नाहीत. पण ताब्यात गेलेला राउटर तुम्हाला खोट्या संकेतस्थळाकडे वळवू शकतो. तेव्हा पडद्यावर धोक्याची सूचना येते. ती न वाचता 'पुढे जा' दाबण्याची घाई घातक ठरते.

कंपन्यांचीही एक बाजू

न्यायाने बोलायचे तर उशीर करण्यामागे दर वेळी आळसच असतो असे नाही. अपडेट चढत असताना चिपवरचे जुने पुसून नवे लिहिले जाते. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर साध्या राउटरची अक्षरशः वीट होते. दिवाही लागत नाही. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, हे मी वाचकांना सांगायला नको. लाखो डब्यांवर एकदम चुकीचे अपडेट गेले तर लाखो घरे अंधारात. म्हणून आधी थोड्या घरांवर, मग हळूहळू सगळीकडे, ही सावधगिरी रास्तच आहे.

पण सावधगिरीला दिवस लागतात, दीड वर्ष नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर एका हल्ल्यात बंद पडले. फोन खणखणू लागले, बातम्या झाल्या. एक-दोन दिवसांत नवे फर्मवेअर तयार होऊन घरोघर पोहोचू लागले. राउटर बंद करून पुन्हा चालू करा, दुरुस्ती आपोआप उतरेल, असे ग्राहकांना सांगण्यात आले. म्हणजे मनावर घेतले तर होते. ग्राहकाचे इंटरनेट बंद पडले की दुरुस्ती दोन दिवसांत येते. इंटरनेट चालू आहे आणि नुसते भोक पडले आहे, तेव्हा मात्र 'लवकरच' हा शब्द येतो. गाऱ्हाणे आहे ते या फरकाचे.

जिथे किल्ली मालकाच्या हाती आली

याच धंद्यातली एक वेगळी गोष्टही सांगण्याजोगी आहे. २००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीने डब्ल्यूआरटी-५४-जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. त्यात लिनक्स वापरलेले आहे, हे काही जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की ते वापरून वस्तू विकणाऱ्याने त्या आज्ञावलीचा मूळ मजकूरही खुला करावा. कंपनीने सुरुवातीला तो दिला नव्हता. बराच दबाव आल्यावर २००३ मध्ये तो खुला झाला.

मग काय, जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात दुरुस्त्या आणि सुधारणा सुरू केल्या. त्यातून २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. कंपनीने ज्यांना सोडून दिले असे कितीतरी राउटर त्यामुळे वर्षानुवर्षे चालत राहिले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तर याच मंडळींच्या आखणीनुसार तयार झालेला 'ओपनडब्ल्यूआरटी वन' हा राउटर विक्रीला आला.

हे प्रत्येक घराने करावे असे मी म्हणणार नाही. चुकीचे फर्मवेअर चढवले तर डबा कायमचा निकामी होऊ शकतो, आणि सेवा देणाऱ्याने दिलेल्या डब्यावर तर ते करूच नये. पण बेळगावात तंत्रविद्येचे विश्वेश्वरय्या विद्यापीठ १९९८ पासून उभे आहे, घराघरांत इंजिनिअरिंगची मुले आहेत. जुने राउटर भंगारात टाकण्याआधी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले, तर मुलांचा अभ्यास होईल आणि विषारी कचराही कमी होईल. चालू असलेली वस्तू केवळ चार ओळींच्या दुरुस्तीवाचून फेकून द्यायची, हे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला तरी पटले नसते.

घरी काय करता येईल?

पहिले, राउटर उलटा करून लेबल वाचा. मॉडेलचे नाव आणि 'व्ही-१', 'व्ही-२' अशी आवृत्ती वहीत लिहून ठेवा. एकाच नावाच्या दोन डब्यांचे फर्मवेअर वेगळे असते.

दुसरे, राउटरच्या आतल्या पानावर जाण्याचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. पाहुण्यांना आपण सांगतो तो पहिला. दुसरा कोणालाही सांगायचा नसतो. शक्य असेल तर पाहुण्यांसाठी 'गेस्ट' जाळे वेगळे ठेवा.

तिसरे, घराबाहेरून राउटर चालवण्याची सोय, जिला रिमोट मॅनेजमेंट म्हणतात, ती बंद ठेवा. बटण दाबून जोडणी करण्याची डब्ल्यूपीएस सोयही बंदच बरी.

चौथे, आपोआप अपडेट घेण्याची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर तीन महिन्यांतून एकदा स्वतः पाहा, आणि अपडेट चढवताना डबा इन्व्हर्टरवर असू द्या.

पाचवे, राउटर कनेक्शनसोबत आलेला असेल तर अपडेटची मागणी लेखी करा. तोंडी विचारले की 'नोडोणरी' एवढेच मिळते. तक्रारीला क्रमांक मिळाला की निदान कागद तयार होतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ऑनलाइन पैसे गेलेच, तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा. यंत्रातली घाण साफ करण्यासाठी केंद्र सरकारचे 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून काम करते आणि त्याची साधने फुकट मिळतात.

आणि सहावे, नवा राउटर घेताना दुकानात एक प्रश्न जरूर विचारा : याला अपडेट किती वर्षे मिळणार? दुकानदार गोंधळेल. गोंधळू द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याच्या वेळी तो कंपनीला विचारून ठेवेल. गॅरंटी किती वर्षांची, हे विचारायला आपल्याला कोणी शिकवले होते?

मागणी एकाच ओळीची

इतर देशांत हे कायद्याने सुरू झाले आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंना सरसकट एकच सोपा पासवर्ड देण्यावर बंदी आली. सुरक्षेचे अपडेट किमान कुठवर मिळेल, हे जाहीर करणेही उत्पादकावर बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा असाच कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याच्या मुख्य अटींसाठी ११ डिसेंबर २०२७ ही तारीख ठरली आहे, आणि सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे दुरुस्त्या देण्याची अपेक्षा त्यात आहे. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूच्या दर्जाची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. दरवान कधीपर्यंत जागा राहणार, ही माहिती दर्जात मोडत नाही काय?

म्हणून माझी मागणी लहानशी आहे. खोक्यावर जिथे कमाल किंमत आणि निर्मितीचा महिना छापता, तिथेच आणखी एक ओळ छापा : 'सुरक्षेचे अपडेट अमुक वर्षापर्यंत'. मराठीत छापा, कन्नडमध्ये छापा, इंग्रजीत छापा. आमच्या भागातल्या घरांत तिन्ही वाचणारी माणसे आहेत. ती ओळ असली की दोन हजारांचा डबा आणि तीन हजारांचा डबा यांत खरा फरक काय, हे गिऱ्हाइकाला कळेल. ज्याची तारीख लांबची त्याचा माल खपेल, आणि मग दुरुस्तीसाठी इंजिनिअर बसवणे कंपनीलाही परवडू लागेल.

आमच्या 'व्ही-२' चे अपडेट अजून आलेले नाही. परवा लेखी तक्रार दिली आहे, तिचा क्रमांक मिळाला आहे. उत्तराची वाट न पाहता पुढच्या महिन्यात राउटर बदलायचे घरात ठरले आहे. या वेळी दुकानात किंमत दुसऱ्यांदा विचारायची, तारीख आधी.